कारण सांगता येणार नाही

आमच्या शिवाजीनगरच्या कोर्टात एक वाक्य होतं. "माझ्या जबाबात तसे का लिहिले आहे याचे कारण मला सांगता येणार नाही." टायपिस्टला ते कोणी सांगावं लागत नसे. साक्षीदार घसा खाकरेपर्यंत त्याची बोटं 'कारण' या शब्दापर्यंत पोचलेली असत. माझ्या नोकरीत आरोपी बदलले, हवालदार बदलले, न्यायाधीश बदलीवर आले आणि गेले. हे वाक्य मात्र कायम पदावर होतं. मला सरकारनं निवृत्त केलं, त्याला करायची कोणाची छाती झाली नाही.

मी सरकारी वकील होते. म्हणजे पोलिसांनी पकडून आणलेला माणूस गुन्हेगार आहे हे कोर्टाला पटवून देणं हे माझं काम. संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, एखादा गाजलेला खटला लिहा." गाजलेले खटले आधीच लिहून झालेत, तेही त्यात नसलेल्या माणसांनी. मी आपली त्या वाक्याबद्दल लिहिते. कारण माझ्या सबंध नोकरीत एक बाई अशी भेटली, की तिनं ते वाक्य म्हणायला साफ नकार दिला.

पण आधी धंद्यातली गोष्ट समजावून घ्या, नाहीतर पुढची मजा कळायची नाही.

गुन्हा घडला की ज्यांनी काही पाहिलं असेल त्यांचे जबाब पोलीस लिहून घेतात. लोकांना वाटतं, जबाब दिला म्हणजे साक्ष दिली. तसं नाही. त्या कागदावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. साक्ष म्हणजे पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर, न्यायाधीशांसमोर जे बोलाल तेवढंच. मग त्या कागदाचा उपयोग काय? तर साक्षीदाराला खोडून काढायला. तुम्ही कोर्टात म्हणालात की आरोपीच्या हातात कोयता होता, आणि जबाबात 'काठी' असं असलं, तर आरोपीचा वकील लगेच तो कागद तुमच्या नाकासमोर धरणार. ही झाली विसंगती. आणि हत्याराचा जबाबात पत्ताच नसेल, तर ते ओमिशन. म्हणजे जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. यातलं काय महत्त्वाचं आणि काय किरकोळ हे कोर्ट ठरवतं. शर्टाचा रंग राहून गेला तर कोर्ट मनावर घेत नाही. मारणारा माणूसच राहून गेला, तर घेतं.

आता हा जबाब लिहितो कोण? हवालदार. कोणाच्या भाषेत? हवालदाराच्या. साक्षीदार म्हणतो, "मी चहा पीत होतो, तेवढ्यात बोंबाबोंब झाली." कागदावर येतं, "मी वरील ठिकाणी हजर असताना आरडाओरडा ऐकू आल्याने सदर ठिकाणी गेलो असता." पुण्याला 'ध'चा 'मा' काही नवा नाही; पण तिथं निदान कोणीतरी मुद्दाम केला होता. इथं रोज बिनचूक सवयीनं होतो.

एक पानवाला साक्षीदार तर जबाब पाठ करूनच आला होता. सरतपासणीत, म्हणजे मी प्रश्न विचारत असताना, तो घडाघडा म्हणाला, "सदर इसमाने सदर ठिकाणी सदर इसमास लाथाबुक्क्यांनी मारहाण केली." न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अहो, सदर म्हणजे कोण?"

"ते माहीत नाही साहेब. पण कोर्टात तसंच म्हणायचं असतं ना?"

कोणी कोणाला मारलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. पानवाला मात्र कर्तव्य बजावल्याच्या समाधानात घरी गेला.

ओमिशन म्हणजे आमची डोकेदुखी, असं मी वरती सुचवलं असेल तर ते अर्धंच खरं. बिबवेवाडीतल्या एका किराणा दुकानदाराच्या दुकानात दोघांनी तोडफोड केली होती. कोर्टात त्यानं मला न विचारताच तिसरा माणूस आणला. म्हणे, खरा पुढारी तोच, आणि हातात लोखंडी गज. तो तिसरा म्हणजे त्याच्या शेजारच्या दुकानाचा मालक. पोलिसांनी त्याला गोवलं होतं ते नुसत्या संशयावरून. जबाबात ना तो होता, ना गज. आरोपीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या दुकानात गज घेऊन माणूस शिरला, आणि पोलिसांना सांगताना तेवढाच विसरलात?" दुकानदारानं ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं. शेजारी सुटला. खटला माझा होता, तेव्हा मी पडेल चेहरा केला. पण आतून बरं वाटलं. कायद्यानं हा कागद ठेवलाय तो अशाच प्रसंगासाठी, हे तेव्हापासून मी नव्या वकिलांना सांगत आले.

आता खराडीची कमल.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नव्हत्या. ज्वारी होती, ऊस होता, आणि मधूनच प्लॉट पाडण्यासाठी मारलेल्या चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या होत्या. कमल मळ्यात राहायची, सासूबरोबर. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. शेजारच्या मळ्यात भावकीतला एक चुलत दीर. त्यानं आपली जमीन प्लॉट पाडून विकायला काढली होती आणि प्लॉटवाल्यांना रस्ता हवा होता तो कमलच्या सासूच्या बांधावरून. सासू, साळूबाई, देईना. एका दुपारी बांधावर फक्की पडलेली दिसली. म्हातारी गेली आणि पायानं ती रेघ पुसू लागली. मागून तिच्या डोक्यात टिकावाचा दांडा बसला.

म्हातारी वाचली हे नशीब. पण तिला मारणारा दिसला नव्हता. फटका मागून होता. आणि एक कान कायमचा गेला. गोठ्याच्या दारातून सगळं पाहिलं ते एकट्या कमलनं. चुलत दिरावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला तो केवळ तिच्या डोळ्यांच्या भरवशावर.

तो जामिनावर होता. कोर्टात आल्यावर साळूबाईला लांबून नमस्कार करायचा, म्हातारी तोंड फिरवायची. सुटला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर येऊन उभा राहणार होता, आणि मळ्यात या दोघीच बायका. कमलनं मला एवढंच विचारलं होतं, "त्यो सुटला तर आत्याबायला म्यां कुठं ठिवू?" या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

माझी अडचण कमलच्या जबाबात होती. दुपारी सरकारी दवाखान्यात लिहून घेतलेल्या त्या कागदावर एक ओळ स्वच्छ होती : "मारहाण करणाऱ्या इसमाचे नाव मला माहीत नाही." संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून परत आला, आणि त्यानंतर कमलनं फौजदारांना बांधापलीकडचं घर दाखवलं. आरोपी सापडल्यावर पुरवणी जबाब घ्यायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आता तुम्हीच आरोपीचे वकील आहात असं समजा. दुपारी नाव माहीत नाही, नवरा घरी आल्यावर संध्याकाळी माहीत झालं, आणि दोन घरांत जमिनीचं भांडण. याहून सोपी केस कोणाला मिळते?

साक्षीदार आमच्या हाती लागायचे ते पुकारा व्हायच्या आधी, कोर्टाबाहेरच्या बाकावर. मी कमलला ती ओळ वाचून दाखवली. ती एकदम ताठ झाली. "म्यां आसं न्हाय म्हनले."

"मग काय म्हणालात?"

ती पुढे काही बोलणार तेवढ्यात शिपायानं पुकारा केला आणि तिला आत नेलं. मी मागून गेले ती देवाचं नाव घेत.

आरोपीच्या बाजूनं गद्रे वकील होते. आमच्याच नारायण पेठेतले, सडसडीत, कडक इस्त्रीचे, साक्षीदाराशी कायम 'आपण' करून बोलणारे. त्यांचा आवाज जितका नम्र, तितका साक्षीदार खोलात. मंडईत भाजी घेताना भेटले तर विचारायचे, "काय मॅडम, आज भेंडी की आरोपी? दोन्ही कोवळे मिळत नाहीत हल्ली."

सरतपासणी ठीक झाली. कमलनं गोठ्याचं दार सांगितलं, दांडा सांगितला, म्हातारी कशी खाली बसली ते सांगितलं. "मारणाऱ्याला ओळखता का?" मी विचारलं.

"व्हय की. त्ये बसल्यात. बांधापल्याडचे भावजी हायेत आमचे."

आपल्या सासूचं डोकं फोडणाऱ्याला ती अहोजाहो करत होती. सुनेनं दिराला अरेतुरे करायचं नसतं, डोकं फोडलं तरी. मी पुढचा प्रश्न विचारला नाही, खाली बसले.

गद्रे उठले. "बाई, आपण आपल्या या भावजींना किती वर्षं ओळखता?"

"लगीन होऊन आले तवापासनं."

"अगदी रोजचं दिसणं?"

"बांधाला बांध हाय. दिसनारच."

"त्यांना ओळखण्यात चूक होणं शक्य नाही?"

"न्हाय."

"छान." गद्र्यांनी जबाबाचा कागद उचलला, त्या ओळीवर 'अ' अशी खूण केली आणि ती सावकाश वाचून दाखवली. "आपण पोलिसांना असं सांगितलंत?"

"न्हाय. म्यां आसं सांगितलं न्हाय."

न्यायाधीश सवयीनं टायपिस्टकडे वळून सांगू लागले, "मला पोलीस जबाबातील 'अ' भाग वाचून दाखविला. तसे मी सांगितलेले नाही. तसे का लिहिले आहे याचे कारण मला सांगता येणार..."

"सांगता येईल की," कमल म्हणाली.

टायपिस्टची बोटं 'नाही'वर पडूनसुद्धा गेली होती. तो गोंधळून वर बघू लागला. न्यायाधीशांनाही क्षणभर कळेना.

"काय म्हणालात?"

"कारन. मला कारन सांगता येतंय, सायेब."

गद्रे चटकन म्हणाले, "साहेब, मी कारण विचारलेलं नाही." उलटतपासणीत कधीही 'का' विचारू नये, हा धडा आम्हाला पहिल्या वर्षी देतात. त्यांनी तो कसोशीनं पाळला होता.

"तुम्ही नाही विचारलंत," न्यायाधीश म्हणाले, "पण मी आत्ता तिच्या नावावर उत्तर लिहून घेत होतो. ती म्हणते ते उत्तर तिचं नाही. बोला बाई."

कमल म्हणाली, "हवालदारांनी नाव पुसलं. म्यां म्हनले, पल्याडचे भावजी हायेत, पर नाव घ्यावं न्हाय. त्यांनी लिवलं, नाव ठावं न्हाय."

'घ्यावं न्हाय' आणि 'ठावं न्हाय'. मी मनात दोन्ही शब्द म्हणून बघितले. दवाखान्याच्या गलक्यात, रडारडीत, कोणाचाही कान फसावा इतके ते जवळ होते.

"नाव का घ्यायचं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं. साहेब नागपूरकडचे, पण प्रश्न विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी समोरचा साक्षीचा कागद हळूच पुढे ओढला. कमल तोवर पदराशी चाळा करत म्हणाली, "आमच्या ह्यांचं आन् त्यांचं नाव येकच हाय. पणज्याचं नाव दोघास्नी ठिवलेलं."

मग माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शपथ देताना कारकुनानं नाव विचारलं तेव्हा तिनं 'कमल' आणि आडनाव एवढंच सांगितलं होतं, मधलं नाव कारकुनानं समन्सवरून भरलं होतं. कमल तुकाराम. आणि आरोपीचं नाव तुकाराम. सकाळपासून दोन्ही नावं आमच्या सगळ्यांच्या समोर होती. मी स्वतः जन्मभर घरात 'अहो' आणि बाहेर 'आमचे हे' करत आले. नारायण पेठेत राहून, काळा कोट घालून. मला हे सुचायला कमल कशाला लागावी? पण कागद वाचायची सवय झाली की माणूस कसा बोलतो हे विसरायला होतं.

गद्र्यांनी हार मानली नाही. मानणार नव्हतेच. "साहेब, गोष्ट फारच सुरेख आहे. पण मग बाईंनी आत्ता तरी नाव घ्यावं. माहीत असेल तर."

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "बाई, आरोपीचं नाव सांगा."

कमलनं मान खाली घातली. मला काही बोलता येत नव्हतं, सुचवता येत नव्हतं. तिनं तोंड उघडलं नाही तर 'अ' भाग तसाच उभा राहणार आणि तो माणूस घरी जाणार, हे मला कळत होतं, गद्र्यांना कळत होतं आणि पिंजऱ्यात उभ्या असलेल्या तिलाही कळत होतं. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे साळूबाई बसली होती, आदल्या तारखेला स्वतःची साक्ष देऊन झालेली, डोक्यावरून पदर घेऊन. लग्न करून आलेल्या सुनेला नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही हे शिकवलं असणार ते तिनंच.

म्हातारीला एका कानानं ऐकू येत नव्हतं. तिनं शेजारच्या बाईला मोठ्यानं विचारलं, "काय म्हनतोय सायेब?" शेजारणीनं चांगल्या कानात सांगितलं. आणि म्हातारी उभी राहिली.

"अगं घे की नाव! माझं डोस्कं फुटलं तवा घेतलं न्हाईस, आता तरी घे!"

"आजी, खाली बसा, गप्प बसा," न्यायाधीश ओरडले. गद्रेही उठले, "साहेब, साक्षीदाराला पढवलं जातंय."

"कुठं? 'घे' एवढंच म्हणाल्या त्या. कोणतं ते नाही म्हणाल्या."

कमलनं डोळे मिटले. दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या कोर्टातले लोक दारात येऊन बघू लागले. "तुकाराम!"

"आलो!" असा बाहेरून आवाज आला.

दार उघडून कमलचा नवरा आत. त्याची साक्ष व्हायची असल्यामुळे त्याला नियमाप्रमाणे बाहेर बसवलं होतं. आपला पुकारा झाला असं वाटून तो खाकी डगल्याची बटणं लावत धावत आला होता, आणि त्याच्या मागं त्याला धरायला शिपाई. आरोपीच्या जागेवरचा तुकाराम चपापून उभा राहिला होता. एक नाव आणि दोन माणसं, कोर्टाच्या दोन टोकांना. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. टायपिस्ट उघड उघड हसत होता. गद्रे वकील मात्र हसले नाहीत, त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पुढे काही विचारायचे नाही."

तुम्हाला वाटेल, जिंकलो. तसं नसतं. हे झालं कमलचं म्हणणं. तिनं 'अ' भाग नाकारला. पण जबाब लिहिणारा हवालदार येऊन म्हणाला असता, "तिनं सांगितलं तसंच मी लिहिलं," तर तो भाग शाबीत झाला असता, आणि कमलचं कारण म्हणजे घरी बसून रचलेली कथा ठरली असती. हवालदारांचंही एक वाक्य ठरलेलं असे : "साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे जबाब लिहिला, त्यास वाचून दाखविला." ते वाक्य सोडून हवालदार बोलला तर त्याचीच झाडाझडती. निकालपत्रात एक वाईट शेरा पडला की त्याची नोकरी संपेपर्यंत तो शेरा त्याच्या मागे. मी कितीतरी जण पाहिले होते, चूक डोळ्यांसमोर असताना छाती पुढे काढून ते वाक्य म्हणणारे. म्हणून पुढच्या तारखेपर्यंत माझा जीव टांगणीला. घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, मीठ दोनदा पडलंय का आमटीत?" मी म्हटलं, "सांगता येणार नाही."

जगदाळे हवालदार आले ते टोपी काखेत धरून. निवृत्तीला टेकलेले, तब्येतीनं भरलेले, चेहऱ्यावर काही दिसू न देणारे. माझी सरतपासणी झाली. गद्रे उठले.

"हवालदारसाहेब, हा 'अ' भाग साक्षीदारानं आपल्याला सांगितला, आणि आपण सांगितल्याप्रमाणे लिहिला. बरोबर?"

बरोबर, एवढं म्हटलं की ते मोकळे. जगदाळ्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला.

"साहेब, बाई काय म्हणाल्या ते सांगू, का मी काय लिहिलं ते सांगू?"

गद्र्यांच्या भुवया वर गेल्या. "दोन्ही वेगळं आहे का?"

"थोडं वेगळं असतंच, साहेब."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही सांगा."

"दवाखान्यात लई गोंधळ होता. मी नाव विचारलं. बाई तोंडाला पदर लावून काहीतरी म्हणाल्या, त्यातलं शेवटचं 'नाव' काहीतरी 'न्हाय' एवढंच मला कळलं. मधला शब्द मला ऐकू आला नाही. मी 'ठावं' असा धरला. परत विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. दुसऱ्या एका अपघाताचा पंचनामा राहिला होता."

"तोंडाला पदर कशाला लावला असेल?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला वाटलं, रडत्यात."

मी खुर्चीच्या पाठीला टेकले. हवालदारांना कमलची साक्ष माहीत असायचं कारण नव्हतं. ती चालू असताना ते दुसऱ्या तालुक्यात बंदोबस्ताला होते. आणि तोंडावरचा तो पदर कमलनंही सांगितला नव्हता. नवऱ्याचं नाव कोणी विचारलं की बायका जे करतात ते तिनं केलं होतं, आणि हवालदारांच्या ते लक्षात राहिलं होतं. कोर्टाबाहेर मी त्यांना गाठून आभार मानले. ते म्हणाले, "मॅडम, शेरा पडंल का हो?" निकालात शेरा पडला, पण सौम्य. 'अधिक काळजी घ्यावयास हवी होती' एवढाच. वाईट वाटलं. खरं बोलणाऱ्यालाच शेरा मिळाला. आणि न बोलणारे कितीजण साफ कोऱ्या नोंदीनं निवृत्त झाले असतील, त्यांच्या कागदांवर किती निरपराधी अडकले असतील आणि किती अपराधी सुटले असतील, याचा विचार मी फार करत नाही. केला तर झोप लागत नाही.

गद्रे वकील जिन्यात भेटले. "मॅडम, तुमच्या साक्षीदारांना कारणं सांगायची वाईट सवय लागली आहे. आवरा त्यांना. धंदा बसेल आमचा." आणि दोन पायऱ्या उतरून परत वळले. "बाई खरं बोलली हो," म्हणाले आणि गेले.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी त्या एका ओळीवर बरंच लिहिलेलं वाचून दाखवलं. विसंगती साक्षीदाराची नसून लिहिणाऱ्याच्या कानाची आहे, असं काहीतरी. आरोपी दोषी ठरला. पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा त्यानं नमस्कार केला नाही, म्हातारीनंही तोंड फिरवलं नाही.

कमल बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसली. रडली, चांगली पोटभर रडली. साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "आता कशापायी रडतीस? आता बांधावर कुनी न्हाय." मी पाणी मागवलं. मलाही लागणारच होतं.

एस.टी.वाले तुकाराम खांबाला टेकून उभे होते. मला म्हणाले, "मॅडम, लग्न झाल्यापासनं हिनं माझं नाव एकदाच घेतलं. आन् ते बी आरोपी म्हून."

कमलनं पदरानं डोळे पुसले. नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

"आत्याबाय वाचली न्हवं? मग आनिक धा येळा घेईन," ती म्हणाली. "पर आरोपी दुसरा आना."